सराटा

लोहारओळीच्या टोकाला माझं खरादाचं दुकान.
मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं,
तेव्हा तांडापेठेतल्या सावजी खानावळीच्या
वच्छलाबाई धकाते आल्या, आणि पिशवीतून
सराटा काढून त्यांनी फळीवर ठेवला.
"भाऊ, याले पाहा. हात दुखून राहिला."

लोखंडी, दीड हात लांब, धरायला नुसती नळी.
अठ्ठावीस वर्षं याच नळीनं
धने, खसखस, दगडफूल,
खाली-वर, खाली-वर, करपू न देता.
करपलं की रस्सा कडू होतो
आणि गिऱ्हाईक काही न बोलता
पैसे ठेवून जातं.

पहिला दांडा मी केला देखणा.
शिसम, पॉलिश, मधे कंगोरे,
जिन्याच्या कठड्याला शोभेल असा.
चौथ्या दिवशी परत.
"तेलाच्या हातातून मासोळीवाणी सुटते."
दुसरा जाड केला. "हा त मुसळ झाला."
तिसऱ्याला बाईंनी नावं ठेवली नाहीत,
नुसत्या हसल्या, आणि मनगटाचं फडकं
सोडून पुन्हा बांधलं.

मग म्हटलं, कणीक आणा. पुरीची, घट्ट.
नळीभोवती ती लपेटली.
आता भाजा. खोटं खोटं.
कढई नव्हती; भुशाच्या टोपलीत
त्या मसाला भाजत राहिल्या,
आणि मधेच एकदा
वास घ्यायला त्यांचं नाक पुढं झालं.

कणकेत उमटलं ते असं:
अंगठा खोल, त्यासमोर दोन बोटं,
खाली करंगळीची चिमटी.
अनामिकेची जागा कोरी.
मी तिथं बोट ठेवलं.
"ते मिटत नाई आता," त्या म्हणाल्या.
"दोन वर्सं झाले. घरी नोका सांगू."

रात्रीतून कणीक वाळली, तडकली.
शेजारच्या लोहाराकडून सराट्याची मान
तीन बोटं वाकवून घेतली.
वाकायचंच आहे कुणाला तर लोखंडानं वाकावं,
मनगट का म्हणून?
दांडा बाभळीचा, रेषा खरबरीत ठेवलेल्या.
पण खाचा तीन घालू की चार
यात माझी एक सकाळ गेली, दोन गिऱ्हाइकं गेली.
शेवटी चौथी कोरली, उथळ.
बोट आलं तर आलं.

चांगला झाला असं बाई म्हणाल्या नाहीत.
शनिवारी पाटवडी-रश्शाचा डबा आला,
खाताना कानातून धूर निघाला,
आणि डबा आणणाऱ्यानं निरोप सांगितला:
"अजून चार करा म्हणते मावशी.
पण पोराईचे हात येगळे हायेत,
त्यायले पाठवते."

सोमवारी चौघं दुकानात उभी,
प्रत्येकाच्या मुठीत कणकेचा गोळा.
सगळ्यात बारका मागं मागं सरकत होता.
"काका," तो म्हणाला,
"मी डावरा आहो. चालते काय?"