धोडपच्या खाचेत

धोडपच्या माथ्यावर कातळाची जी भिंत आहे
तिच्यात एक खाच आहे.
लोक म्हणतात, वाऱ्यानं पाडली.
मी काही बोलत नाही.
इतकी युगं एका जागी बसलं
की दगडही थोडा सरकून घेतो.

एका जगाला एकच जागल्या, असा रिवाज आहे.
सात सूर्यांपलीकडे निळ्या राखेचं जग,
त्याच्यावर एकजण बसतो, माझ्याहून जुना.
त्याही पलीकडे, जिथं समुद्र उभे असतात
आणि मासे पायऱ्या चढून जातात,
तिथं एकजण आहे. तिला मी पाहिलेलं नाही.
फक्त तिचा कंदील दिसतो,
हिवाळ्यात, चांदवडच्या डोंगरांवर, हातभर उंच.
तुम्ही त्याला तारा म्हणता.
म्हणा.

आम्हाला बलुतं नाही.
खळ्यावर आमचा वाटा कुणी बाजूला काढत नाही.
काठी नाही, हाळी द्यायची नाही.
काम एवढंच : पापणी लवू द्यायची नाही.
लवली तर जग निसटतं,
असं नेमणुकीच्या वेळी सांगितलं होतं.
निसटून कुठं जातं, ते विचारायचं राहून गेलं.

मदत करायची नाही, हेही सांगितलं होतं.
गोदेला पूर आला, पाणी चढत चढत
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलं.
मी पाहिलं.
ओसरलं, तेही पाहिलं.

त्या रात्री उगावच्या शिवारात पारा तीनवर आला.
झुंबराबाई ढोमसे द्राक्षाच्या मांडवाखाली चालत होती,
कानाला मफलर, पायात मुलाचे बूट, दोन नंबर मोठे.
बॅटरीचा उजेड आधी तारेला टांगलेल्या थर्मामीटरवर,
मग घडांवर.
मण्यांत नुकतं पाणी उतरलेलं.
थंडीनं मणी तडकतो तेव्हा आवाज होत नाही म्हणतात.
तिला येत असावा,
ती मधेच थांबून कान द्यायची.

बरोबरचा पोऱ्या मोटारीच्या खोलीत झोपला होता.
तिनं एकटीनं ओळीओळीत छाटणीच्या काड्या रचल्या,
वर ओला भुसा.
जाळ नको होता तिला, धूर हवा होता,
बागेवर पांघरायला.

धूर मांडवावर पसरला, विनतेच्या पात्रात उतरला,
आणि त्यातला एक पट्टा
चुकलेल्या वासरासारखा
भटकत भटकत धोडपपर्यंत आला.

माझे डोळे झोंबले.

पापणी लवली.

काडी ओढावी आणि ती विझावी, एवढाच वेळ.
पण तेवढ्या वेळात या जगावर कुणी नव्हतं.
डोळे उघडायचं मला भ्या वाटलं.
हा शब्द मी खालूनच शिकलोय,
आमच्या भाषेत तो नाही.

उघडले.
उगाव स्टेशनात मालगाडी तशीच उभी,
सिग्नल तसाच लाल.
बांधावरचं कुत्रं तसंच वेटोळं करून.
आणि झुंबराबाई शेकोटीपाशी उकिडवी,
डोळ्यांतून पाणी वाहतंय, पुसत नाही,
मिटतही नाही.

मग तिनं वर पाहिलं. मला नव्हे,
तिकांडं किती कललं ते बघायला.
स्वतःशीच म्हणाली,
"हाय अजून."

काय आहे अजून?
रात्र, थंडी, तिकांडं की हे सगळंच?
मी विचारू शकत नाही.

तेव्हापासून थंडीच्या दिवसांत,
साधारण साडेतीनला,
तिची दुसरी फेरी सुरू झाली
की मी एकदा डोळे मिटतो.
घटकाभर नाही, तेवढी हिंमत नाही.
एक काडी विझेपर्यंत.

हे कुणाला तरी कळवावंसं वाटतं.
त्या उभ्या समुद्रांवरच्या तिला, समजा.
निरोप पोचायला चार हजार वर्षं लागतील.

काल तिचा कंदील लुकलुकला.
पूर्वीही लुकलुकायचा,
मी वाऱ्यावर ढकलत आलो.
तिच्याकडेही धूर असेल.