चुना

नव्व्याण्णव डॉलर. विमा देत नाही.
फेब्रुवारीभर सवलत, असं टोलीडोच्या बसवर लिहिलं होतं
म्हणून गेले. खोटं कशाला बोलू,
मला काही होत नव्हतं.

डोरीननं छातीवर गार टिकल्या चिकटवल्या,
हात डोक्यामागे घ्यायला लावले
आणि काचेपलीकडे गेली.
मग यंत्रच बोललं, बाईच्या आवाजात:
श्वास घ्या. धरून ठेवा.

धरला.
आई शेवटच्या आठवड्यात असाच धरायची,
जिन्याच्या चौथ्या पायरीवर,
पिशवी कठड्याला टेकवून,
भाजी किती महागली म्हणत.

दाढ दुखत होती तिची. डावी.
लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या.
पाठीत भरून आलं तर पित्त म्हणाली,
आम्हीही पित्तच म्हणालो, कोकमाचं सरबत केलं.
दंतवैद्याची वेळ गुरुवारची होती.
ती बुधवारी गेली.
दाढेला, कुणी पाहिलं असतं तर,
काहीच झालेलं नव्हतं.

सोडा आता श्वास.

चार दिवसांनी डॉक्टर कोवाल्स्कींनी पडदा माझ्याकडे वळवला.
राखाडी अंधारात माझं काळीज,
आणि पेनाच्या टोकाशी पांढरे ठिपके.
कॅल्शियम, म्हणाले.
मला दिसली आईची चंची, पितळी डबी,
करंगळीच्या टोकावर घ्यायची तेवढाच चुना.
एकशे त्रेचाळीस.
आयुष्यात पहिल्यांदा मला शून्य हवं होतं.

वीस वर्षं लागत होता म्हणे, गुपचूप.
कोणी कोणाला लावला, विचारायची सोय नाही.
गोळी रोज रात्री. चालायचं.
लोणच्याचं मीच विचारलं, त्यांना लोणचं कळलं नाही.
निघताना म्हणाले, बरं झालं, लवकर आलात.
लवकर!
आमच्या घरात दवाखान्याच्या बाबतीत
हा शब्द कुणी वापरलेला नाही.

पार्किंगमध्ये बर्फावर मीठ टाकलेलं,
बुटांखाली करकरत होतं.
गाडी चालू न करताच कऱ्हाडला फोन लावला.
तिकडे रात्रीचे नऊ. कुमुदताईच्या मागे
कुकरची शिट्टी.

ताई, तुझे दात कसे आहेत?
हसली ती. अमेरिकेतून फोन करून दात विचारतेस?
आणि मग, शेगडी बंद करता करता, सहजच:
डावीकडे ठणकतंय बाई थोडं,
लवंग धरलीय कालपासून.

लवंग थुंक, म्हटलं.
चप्पल घाल.