ड वर्ग

भागवत अण्णांनी निवृत्तीच्या दिवशी
चाव्यांच्या आधी गाठ दिली.
लाल रुमाल चार वेळा बांधून दाखवला:
घट्ट हवी, पण एका ओढीत सुटली पाहिजे.
कागद मागायला येणारा माणूस
आधीच दमून आलेला असतो.

स्वारगेट, पाणीपुरवठा, तळमजला.
वर पंप घुमतो, खाली कसर खाते.
अ म्हणजे कायम. ब तीस वर्षं. क दहा.
ड एक वर्ष, मग भवानी पेठेचा टेम्पो.
माझं काम एवढंच, कोपऱ्यात
लाल पेन्सिलीनं एक अक्षर लिहायचं.

या महिन्यात एजन्सीची मुलं आलीत स्कॅनर घेऊन.
पानामागे पैसे मिळतात, हात भरभर चालतात.
"मॅडम, मागची बाजू घ्यायची का?
कोरीच असते बहुतेक."

बहुतेक.

१९८६. किरकोळ रजा. ड.
केव्हाच जायला हवा होता हा गठ्ठा,
नकाशांच्या रुमालात कुणी बांधला कोण जाणे.
धोंडिबा खिलारे, व्हॉल्व्हमन, घोरपडे पेठ.
रजा: एक दिवस.
कारण: मुलीचे नाव शाळेत घालणे आहे.
खाली अंगठा, शाई पसरलेली.
पान उलटलं तर पुसट पेन्सिल:
"मंजूर. पहाटेची चावी मी फिरवतो.
वि. ग. रानवडे, कनिष्ठ अभियंता."

मग मी लॉगबुक काढलं. अ वर्ग.
नऊ जून, पाच वाजून दहा, पाणी सोडले.
महिनाभर निळे अंगठे एकाखाली एक
आणि त्या एका ओळीत इंजिनिअरी अक्षर.
शेऱ्याच्या रकान्यात: दाब कमी. हात नवीन.

कुणीतरी हंडा धरून कुरकुरलं असेल त्या सकाळी.
नळाला काय माहीत.

"दोन्ही बाजू घे," मी म्हटलं.
"सगळ्यांच्या?"
"सगळ्यांच्या."
त्यानं मोबाइलवर हिशेब केला, दर वाढवून मागितला.
साहेबांकडे टिपणी ठेवलीय,
शेरा अजून नाही.

शुक्रवारी टेम्पो आला.
त्याआधी एका पानावरचा ड खोडून
शेजारी अ लिहिला, खाली तारीख, सही.
खाडाखोड केली तर सही हवी, नियम आहे.
कारणाला तिथे रकाना नाही.

रद्दी: दोनशे बारा किलो.
पाच ग्रॅम कमी भरली असेल.
त्या काट्यावर दिसत नाही तेवढं.