सुइट नंबर

अमेरिकेत माझा एक पत्ता आहे.
मी तिथे गेलेलो नाही, जाणारही नाही.
डेलावेअर नावाच्या राज्यात, जिथे म्हणे विक्रीकर नाही,
एका गोदामातल्या कुठल्याशा फळीवर लिहिलंय
रत्नदीप तांडेल, सुइट ४४१७.

सुइट.
इथे रुवीत, हमरियाला, एका खोलीत आम्ही चौघं,
दोन दुमजली पलंग, चपला दाराबाहेर,
आणि कुणी पत्ता विचारला तर सांगायचं,
बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागे या, पाण्याचा टँकर अडतो तिथे,
आल्यावर फोन करा.
सतरा वर्षं झाली.
कागदोपत्री मी कंपनीच्या पोस्टाच्या पेटीत राहतो.

वस्तू म्हणजे फिश फाइंडर.
पद्याने हर्णैहून फोटो पाठवला होता,
कुणाच्यातरी बोटीवरचा, हललेला.
"हाच बघ. पाच इंची. तिकडे सगळं मिळतं ना?"
तिकडे सगळं मिळतं.
मत्र्याच्या दुकानात होता तो, काचेमागे,
किंमत ऐकून मी त्या दुकानातून दोरी घेतली, कपडे वाळत घालायची.
अमेरिकेतला दुकानदार निम्म्यात द्यायला तयार,
फक्त ओमानला पाठवत नाही.
डेलावेअरला पाठवतो.

मग मी डेलावेअरला राहायला गेलो.
नोंदणी फुकट होती.

आठव्या दिवशी गोदामातून फोटो आला :
काट्यावर खोका, आणि कडेला एक अंगठा,
त्याला निळी चिकटपट्टी.
माझ्या पत्त्यावर राहणारं तेवढंच माणूस मी पाहिलंय.
वजन दीड किलो. बिल चार किलोंचं.
विचारलं, तर म्हणाले घनफळाचं वजन :
खोका मोठा, आत हवा, हवेलाही विमानात जागा लागते.
दुसऱ्या छोट्या खोक्यात भरून देऊ, पाच डॉलर.
हवा काढायचे पाच डॉलर!
दिले.
हवेचं भाडं मला नवीन नाही.
बिछान्याचे पैसे देतो त्यात
वरच्या माणसाच्या फळीपर्यंतची अडीच फूट येतेच.

विल्मिंग्टन. सिनसिनाटी. लाइपझिग.
रात्री कामावरून आलो की बघायचो कुठवर आलं.
आमचं आडनाव बोट हाकणाऱ्याचं.
आजा गलबत घेऊन मस्कतला खजूर आणायला यायचा,
ताऱ्यांवर, म्हणतात. असेल किंवा नसेल.
बहारीनला दोन दिवस अडकलं.
मीही तिथे अडकलो होतो एकदा, नऊ तास, एका समोशावर.

मग कस्टममधून फोन.
"ये क्या चीज़ है?"
"मछली देखने का मशीन."
पलीकडे कागद उलटल्याचा आवाज.
"कनद दिखाता है?"
कनद म्हणजे आपली सुरमई.
"सब दिखाता है, साब."
"मेरे बाप को ऐसे ही दिखता था," तो म्हणाला,
आणि पाच टक्के घेऊन शिक्का मारला.

शुक्रवारी खोका फोडला.
त्याला बारा व्होल्ट लागतात.
राउटरची पिन काढून, दोन वायरी सोलून जोडल्या,
वायफाय गेलं, वरच्या पलंगावरून बिजू ओरडला.
पाणी नसेल तर आत एक खोटा समुद्र असतो त्याच्या,
दुकानात दाखवायला.
तो लावला.

आधी तळ आला, तांबूस, खडबडीत.
मग एक कमान. मासा असा कमानीसारखा दिसतो.
मग दोन. मग एक जाड, सावकाश.
बत्तीस फूट, मी पद्याला बोलून पाठवलं.
त्याचं लगेच उत्तर, मागे इंजिनाची धडधड :
"फुटात नको रे, वावात सांग."
पाच वाव आणि वर दोन फूट.

बिजू खाली उतरून शेजारी बसला,
मग बाकीचे दोघं, एकाच्या हातात अर्धा कापलेला कांदा.
खोलीत दिवा नव्हता, पडद्याचा तेवढा निळा उजेड.
कुणी काही बोललं नाही.
पण बघतो तर
चौघांनीही पाय वर घेतले होते.