सरावाचा सोमवार

शिल्लक रजा होती, म्हणून घेतली.
उद्यमबागेत भोंगा झाला
तसा मी उठून उभाच राहिलो,
पायांत घरातल्या चपला.

पीएफचा फॉर्म कन्नडमध्ये.
शेजारच्या बसव्वानं वाचून दाखवला.
वारस : शेवंता मुतगेकर.
सही माझी मराठीत.
'सर्व्हिस किती?' तिनं विचारलं.
चौतीस, म्हणालो, आणि उगाच बोटं मोजली,
डाव्या हाताची साडेचार.

दहा वाजले. अकरा वाजायला तयार नव्हते.
शेवंता तिच्या पाळीवर होती,
पाणी, भांडी,
मध्येमध्ये माझे पाय ओलांडत.

मग तिनं हातात चाळणी दिली,
येळ्ळूरचा तांदूळ, कणी काढायला.
मोल्डिंगची वाळू चाळलेली मनगटं
आपोआप सुटली. कणी घरभर.

'सावकाश की वो,' ती म्हणाली,
'भायर लॉरी थांबलीय व्हय?'