दर्यापूर तालुका

तालुक्याचं नाव दर्यापूर,
न दर्या आपल्यात कोनीच पाह्यला नोता, शांतकला.
म्यां पाह्यला.
तीन रात्री, चार दिवस, कंपनीच्या खर्चानं.
नळ यायले टाइम हाय, गुंड खाली ठेव, सांगते.

ह्यायनं दुकानातून हरभऱ्याच्या औषधाचे
बाराशे डबे खपवले, तवा नंबर लागला.
जोड्यानं या, म्हने साहेब.
पासपोर्टच्या फोटोत माहे डोळे मिटले,
दुसऱ्यांदा काढला, तं पुन्हा मिटले.

वरून समुद्र कसा,
टाक्यात मोरचूद भिजू घातल्यावानी.
खोली पान्यातच, लाकडी खांबावर,
वावरातला जागलीचा माळा असते न, तशी.
अन् जमिनीत काच! काचेखालून मासे जाये.
ह्यायनं तिच्यावर एकदाबी पाय नाही देला,
भितीभितीनं चालत होते,
जसं सारवन अजून ओलं हाय.

न्हानी पाह्यली अन् मी हासतच सुटली.
चार भिती, मधात चाफा, वर आभाळ.
छतच नाही!
माह्या मायच्या घरी तुराट्याची न्हानी होती,
तिलेबी नोतं.
भाऊ म्हने, पैसे आले का टिना टाकू.
अठी पैसे आले म्हून टिना काढल्या.

पलंगावर दोन हंस. टावेलाचे, पांढरे,
चोचीले चोच लावून.
हे म्हने, उचल, निजू दे.
राहू द्या न बाप्पा, म्हनलं.
निजलो मंग दोन कडेले दोघं,
मधात हंस.
पहाटे पाह्यते तं दोन्हीनं मान टाकलेली.

हंस करनारा पोरगा बांगलादेशचा, रफिकुल.
त्याले माही बोली ये ना, मले त्याची.
दोन्हीकून गुंडाळ, मधात मोड, मान वर,
हातानंच शिकोलं त्यानं.
म्यां जवसाची चटनी देली कागदात.
दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला,
रिकामा, घडी घातलेला.

तिसऱ्या दिवशी लुगडं घोट्यावर घेऊन उतरली.
इकडं तिकडं पाह्यलं, ओंजळ भरली,
तोंडात घेतली.
शांतकला, ओळख पटली लगेच!
आपल्या शाळेमागच्या बोरचंच पानी,
जरासंक दाट.
डाळ शिजत नाही, ते पानी.
चहा फाटते, ते पानी.
झिंगूभाऊले आठवड्यातून दोनदा अकोल्याले नेते,
ते पानी.
आन् लोकं तठी खुर्च्या टाकून
दिवसभर त्याच्याकडंच पाहून रायले होते.
ह्यायले सांगतलं तं म्हने,
हळू बोल, साहेब आयकतीन.

तठी एक मशीन हाय, समुद्र गोड करते.
प्यायले, न्हायले, झाडाईले,
पवायच्या निळ्या हौदाले.
रात्रभर घूं घूं चाले, मले ऐकू ये.
आपलंबी हाय न, पंचायतीजवळ,
नारळ फोडला होता ते.
त्याच्या तोटीत कुंभारीननं घर बांधलं.

घरी आली,
अन् ह्यायच्या जुन्या दुपट्ट्याचा हंस केला,
ठेवला गल्ल्यावर.
तिथल्यानं एका रातीत मान टाकली,
हा अकरा दिवस झाले, उभाच हाय.
आपल्या पान्यात धुतलेलं कापड!
कडक.
चोचीवर मिठाची पांढरी रेघ बी हाय.
लोकं औषध घ्यायले येते,
बोटानं टोचून पाह्यते,
म्हनते, वहिनी, हे कोनतं पाखरू?
अन् हे म्हनते, काढ ते, दुकान हाय.
नाही काढला.

हं, खळखळलं.
सरक, आलं पानी.
तुहा गुंड लाव पयले.