दोन बोटं

मनोरीच्या घरातली चूल धूर ओकते,
म्हणून यंदा आंतोन मिस्त्रीला बोलावलं.
गॅस आहेच. पण बाटलीचा मसाला
त्यावर भाजला तर आई म्हणते,
मिरची नुसती तापते, भाजत नाही.

आंतोनने तरीतून उतरून आधी चहा घेतला,
मग धुराड्यात खांद्यापर्यंत हात घालून
कावळ्याचं अर्धं घरटं काढलं,
एक गंजलेला चमचा,
आणि म्हणाला, धुराड्याचा दोष नाही.
चुलीचं तोंडच मोठं आहे.
दोन बोटं.

बापाने बांधली होती, लग्नाआधी.
टेप नव्हती, स्वतःची वीत लावली,
आणि त्याचा पंजा म्हणजे वल्ह्याचं पातं.
चाळीस वर्षं आई डोळे पुसत
लाकडं ओली म्हणत राहिली.
बाप म्हणायचा, वखारवाला चोर.
वखारवाले तीन झाले.

आंतोनने वर लोखंडी पट्टी बसवली,
पट्टीखाली चिखल लिंपला, भाताच्या तुसाचा.
दोन दिवस वाळू दिला.
तिसऱ्या संध्याकाळी करवंट्या पेटवल्या.
धूर निमूट वर गेला,
कौलांवरून खाडीकडे वळला.

आई पाटावर बसली होती.
सवयीने पदर डोळ्यांना लावला,
तो कोरडाच खाली आला.
पदराकडे बघत राहिली थोडा वेळ.
मग तिने तवा चढवला, मिरच्या टाकल्या,
आणि पाठ न वळवता म्हणाली,

बरं झालं आंतोन,
बस्त्याव असताना नाही आलास.
ऐकलं नसतं त्याने.

सातशे दिले त्याला. वर दोन नारळ.